चरकाच्या शाफ्टचा एक कोपरा

ऊस पिळणाऱ्या चरकाचा शाफ्ट सहसा मधोमध तुटत नाही. रोलरजवळचा जाड भाग संपून बेअरिंग बसवण्यासाठी जिथे तो बारीक केलेला असतो, त्या पायरीच्या कोपऱ्यात तुटतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत, केडगाव, पाटस या पट्ट्यात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसामागोमाग गुऱ्हाळे आली. शाफ्ट तुटणे म्हणजे काय, हे तिथल्या गुऱ्हाळवाल्याला सांगावे लागत नाही. तोडून आणलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर उतरत जाते, अशा रसाचा गूळ नीट बसत नाही, चुलवण विझते, आणि गुळव्यापासून चिपाड वाळत घालणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचा खाडा होतो.

तो कोपरा जेमतेम दोन-चार मिलिमीटरचा. पण यंत्र अभियांत्रिकीतली तीन मोठी कामे तिथे एकमेकांना भेटतात. आकार ठरवणे, तो आकार भार सोसेल का हे तपासणे, आणि तो धातूत उतरवणे. आज ही तिन्ही कामे संगणकावर होतात. पहिल्याला कॅड म्हणतात, दुसऱ्याला सीएई आणि तिसऱ्याला कॅम. प्रत्येकाची सॉफ्टवेअर निराळी, शिकवणारे क्लास निराळे, पुण्यात नोकरीच्या जाहिरातीही निराळ्या. या तिघांना एकत्र नांदवायचे कसे, हा प्रश्न साठ वर्षे जुना आहे आणि अजून पुरता सुटलेला नाही.

महामार्गालगतच्या लहान वर्कशॉपमध्ये मात्र तो उभाच राहत नाही, कारण तिथे तिन्ही कामे एकाच माणसाच्या डोक्यात असतात. गुऱ्हाळवाला तुटलेले दोन्ही तुकडे घेऊन येतो. टर्नर ते जमिनीवर जुळवून ठेवतो, व्हर्नियर लावतो आणि विचारतो, ‘‘मधी मोटर बदलली का हो? दात्यांचा आवाज येत होता का?’’ मोठी मोटर बसवल्याचे कळले की तो ईएन-८ पोलादाऐवजी ईएन-२४चा बार सुचवतो, कोपऱ्यात थोडी गोलाई जास्त ठेवतो आणि लेथ सुरू करतो. त्या दोन प्रश्नांत विश्लेषण झाले, बार निवडताना डिझाइन झाले, आणि उत्पादन तर त्याच्या हातातच आहे. एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जायचा नाही, त्यामुळे निरोप चुकायचाही नाही.

आपल्याकडच्या यंत्रउद्योगाची सुरुवात अशाच एका माणसाकडून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यंत्रांचे ड्रॉइंग शिकवत असत. नंतर बेळगावात त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि १९०३ साली लोखंडी नांगर बाजारात आणला. कागदावर रेघ ओढणारा हात, ओतकामावर लक्ष ठेवणारा डोळा आणि नांगर शेतात कसा चालतो हे ऐकणारा कान एकाच माणसाचा होता. १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, पसारा वाढला आणि कामे वाटली गेली. सगळीकडे असेच होते. ड्रॉइंग ऑफिस वेगळे, हिशेब करणारे वेगळे, शॉप फ्लोअर वेगळे. त्यांच्यामध्ये पूल एकच, तो म्हणजे निळ्या कागदावरचे ड्रॉइंग.

संगणक आला तेव्हा हे तुटलेपण मिटेल असे वाटणे साहजिक होते. झाले उलटेच. कारण ही तीन तंत्रे एका घरात जन्मलेली नाहीत.

कॅमचे मूळ हेलिकॉप्टरच्या पात्यात आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना पात्याच्या वक्र आकाराचे साचे अचूक कापायचे होते. वक्रावरचे बिंदू गणकयंत्रावर काढायचे आणि कापणारे हत्यार त्या बिंदूंवरून न्यायचे, ही त्यांची कल्पना. तीच पुढे नेऊन एमआयटीने १९५२मध्ये छिद्रांच्या पट्टीवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले. अशा मशीनला सूचना लिहिण्यासाठी एपीटी नावाची भाषा तयार झाली. १९५९मध्ये ती जाहीर करताना पत्रकारांना त्याच पद्धतीने कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे वाटले होते.

विश्लेषणाचे मूळ विमानाच्या पंखात. पंखासारखी गुंतागुंतीची वस्तू सरळ सूत्रात बसत नाही, म्हणून तिचे छोटे त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोणाचा साधा हिशेब मांडायचा आणि सगळे हिशेब एकत्र सोडवायचे. बोईंगच्या कामातून निघालेला टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा या विषयावरचा निबंध १९५६चा. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६०मध्ये दिले.

आणि आकार काढण्याचे मूळ तिसरीकडेच. १९६३मध्ये आयव्हान सदरलँड यांनी एमआयटीत पडद्यावर प्रकाश-लेखणीने रेघा काढून दाखवल्या. ‘या दोन रेघा समांतरच राहतील’ असे सांगितले की त्यांचे यंत्र ते पाळत असे. फ्रान्समध्ये सिट्रोएनचे पॉल द कास्तेलजो आणि रेनोचे पिएर बेझिए मोटारीच्या पत्र्याच्या वक्रांचे गणित स्वतंत्रपणे मांडत होते. कास्तेलजो आधी पोहोचले, पण कंपनीने काम गुप्त ठेवले, आणि वक्राला नाव पडले बेझिएंचे.

म्हणजे हत्यार हलवणाऱ्यांना बिंदूंची रांग हवी होती, ताण मोजणाऱ्यांना त्रिकोण, आणि आकार काढणाऱ्यांना गुळगुळीत वक्र. तिघांचा आकार तीन प्रकारे लिहिला गेला. पुढे सॉफ्टवेअर कितीही सुधारली तरी हा जन्मजात फरक आत राहिला, आणि तो कसा त्रास देतो ते त्या कोपऱ्यातच पाहू.

समजा शाफ्ट ९६ मिलिमीटरवरून ८० मिलिमीटरवर उतरतो. डिझाइन करणारी मुलगी कॅडमध्ये दोन दंडगोल एकाला एक लावते. पायरी तयार झाली, कोपरा काटकोनी. गोलाईचे शेवटी पाहू, असे ती ठरवते. फाइल विश्लेषकाकडे जाते. बारीकसारीक गोलाया, छिद्रे, चाव्यांचे गाळे आधी पुसून टाकायचे ही त्याची रीत, कारण त्यांच्यामुळे त्रिकोणांची जाळी विनाकारण दाट होते. इथे पुसायला काही नाहीच. तो जाळी घालतो, उसाचा दाब आणि गिअरचा जोर लावतो, रंगीत चित्र येते. कोपरा लाल. खात्री करायला तो जाळी आणखी बारीक करतो, तर ताण वाढतो. आणखी बारीक करतो, आणखी वाढतो. हा आकडा कुठेच थांबणार नाही, कारण गणिताच्या दृष्टीने काटकोनी आतल्या कोपऱ्यातला ताण अमर्याद असतो. सॉफ्टवेअर चूक नाही, त्याला दिलेला आकार जगात नसलेला आहे. इकडे सीएनसी लेथवर जॉब लागतो. कापणाऱ्या इन्सर्टच्या टोकालाच ०.८ मिलिमीटरची गोलाई, म्हणून कोपऱ्यात काही न सांगता ०.८ उतरते. एका कोपऱ्याचे तीन आकार झाले. कॅडमध्ये शून्य, विश्लेषणात अर्थहीन आकडा, आणि लोखंडात ०.८.

आता हाच कोपरा नीट ठरवू. वाकणाऱ्या शाफ्टच्या पायरीत ताण किती पटीने एकवटतो, याचे तक्ते प्रत्येक मशीन डिझाइनच्या पुस्तकात असतात. आपल्या मापांना ०.८ची गोलाई ठेवली तर तो सुमारे २.६ पट होतो. २ मिलिमीटर ठेवली तर साधारण २.२ पट, आणि ४ ठेवली तर १.९च्या आसपास. फरक लहान दिसतो. पण फिरणाऱ्या शाफ्टचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो, आणि लाखो फेऱ्यांनी येणाऱ्या या थकव्यात ताण पाव हिस्सा कमी झाला तर आयुष्य पाव हिश्शाने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. विश्लेषक म्हणणार, ४ ठेवा.

ठेवता येत नाही. ८० मिलिमीटर भोकाच्या बेअरिंगच्या आतल्या कडीची कड साधारण २ मिलिमीटरच मोडलेली असते. शाफ्टची गोलाई त्याहून मोठी झाली की बेअरिंग पायरीला टेकतच नाही, गोलाईवर चढून तिरके बसते आणि लवकर जाते. त्यामुळे एक तर २वर समाधान मानायचे, नाहीतर पायरी आणि बेअरिंग यांच्यामध्ये आतून चांगली कड मोडलेली एक कडी घालायची. कडी घातली की बेअरिंग सरकते, बेअरिंग सरकले की हाउसिंगचे ठिकाण बदलते, ते बदलले की रोलरपासूनचे अंतर वाढून शाफ्टवरचा वाकवणारा जोर बदलतो. पुन्हा विश्लेषण करा. एका गोलाईचा निर्णय अख्ख्या यंत्रात फिरून येतो.

मला या विषयाचे सगळे मर्म या फेरीत दिसते. एकत्रीकरण म्हणजे एकाच कंपनीची तीन सॉफ्टवेअर विकत घेणे नव्हे. गोलाई २ची ४ केली की जाळी आपोआप नवी पडावी, भार जिथे लावले होते तिथेच राहावेत, हत्याराची वाट नव्याने आखली जावी, आणि ‘बेअरिंग बसणार नाही’ हेही त्याच वेळी कळावे, याला एकत्रीकरण म्हणायचे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर हे कॅड सॉफ्टवेअर आले आणि माप बदलले की सगळे मॉडेल, ड्रॉइंगसह, मागोमाग बदलते ही सोय यंत्र डिझाइनच्या कामात रुळली. बोईंग ७७७ची रचना संपूर्ण संगणकावर झाली आणि १९९४मध्ये ते उडाले. त्यानंतर मोठ्या उद्योगांत कागदाकडे परत जाण्याचा प्रश्नच राहिला नाही.

तरी घोटाळे थांबले नाहीत. सगळ्यात महागडा घोटाळा एअरबस ए-३८०चा. त्या विमानात ५०० किलोमीटरहून जास्त लांबीच्या वायरी. हॅम्बुर्गचे लोक कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर, तुलूझचे लोक नव्या आवृत्तीवर. नाव एकच, पण आतले मॉडेल एकमेकांशी नीट बोलत नव्हते. रचनेत झालेले बदल वायरींच्या मापांपर्यंत पोहोचले नाहीत, आणि हॅम्बुर्गहून आलेल्या वायरी तुलूझमध्ये विमानात बसवताना तोकड्या पडल्या. २००६मध्ये कंपनीला पुरवठा पुन्हा पुन्हा पुढे ढकलावा लागला, अब्जावधी युरोंचा फटका बसला, आणि पहिले विमान २००७च्या ऑक्टोबरमध्ये ग्राहकाच्या हाती गेले. तिथे हुशार माणसांची वाण नव्हती, पैशाची तर नव्हतीच.

दोन सॉफ्टवेअरमध्ये फाइल नेण्यासाठी स्टेप नावाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९४पासून आहे. भोसरी-चाकणच्या जॉबवर्कवाल्याला फाइल पाठवताना आजही बहुधा स्टेपच जाते. तिच्यातून आकार अचूक जातो, पण तो कसा घडला याचा इतिहास मागे राहतो. ही गोलाई आहे, ती २ची आहे आणि बेअरिंगमुळे २ची आहे, यातले काहीच त्या फाइलला ठाऊक नसते. तिच्या लेखी तो फक्त एक वक्र पृष्ठभाग. इथून पुढे पुण्या-मुंबईच्या कामाशी आपली गाठ पडते. गोदरेज समूहातून निघालेल्या जॉमेट्रिक या कंपनीने नेमक्या या दुव्यावर वर्षानुवर्षे काम केले. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरसाठी त्यांनी लिहिलेले फीचरवर्क्स परक्या फाइलमधल्या मुक्या आकारातून भोके, खाचा, गोलाया पुन्हा ओळखून काढते. त्यांचे कॅमवर्क्स तीच ओळख वापरून हत्याराची वाट सुचवते. आणि डीएफएमप्रो तर डिझाइनरच्या पडद्यावरच सांगते की हे भोक व्यासाच्या मानाने फार खोल आहे, ड्रिल भरकटेल, किंवा या आतल्या कोपऱ्यात गोलाई नाही, कटर पोहोचणार नाही. म्हणजे वर्कशॉपमधल्या उस्तादाचे बोलणे ड्रॉइंग ऑफिसात आधीच ऐकू यायची सोय. २०१७मध्ये जॉमेट्रिक एचसीएलमध्ये सामील झाली. मराठी वाचकाला पुण्याची आयटी म्हटले की परदेशी बँकांची कामे आठवतात. जगभरच्या यंत्रांचे कोपरे तपासणारे हे काम त्याला फारसे ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

यवतहून पुण्याकडे येताना शहराच्या वेशीवर, हडपसरला खेटून मुंढवा लागते. तिथे १९६१मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जचा कारखाना आहे. इंजिनाचा क्रँकशाफ्ट लालबुंद पोलाद साच्यात ठोकून घडवतात. त्या कामात तर एकाच वस्तूचे आकार किती! ग्राहकाला हवा तो तयार क्रँकशाफ्ट एक. त्यावर मशिनिंगसाठी जादा माल ठेवलेला फोर्जिंगचा दुसरा. साच्यातला पोकळ आकार तिसरा, आणि तो थोडा मोठा, कारण बाराशे अंशांच्या आसपास घडवलेले पोलाद थंड होताना आक्रसते. शिवाय सरळ बारपासून तिथपर्यंत पोहोचण्याचे मधले टप्पे. गरम धातू साच्याच्या कोणत्या कोपऱ्यात पोहोचणार नाही, कुठे त्याची घडी पडेल, हे पूर्वी साचा कापून, ठोकून, पाहून कळे. आता फोर्जिंग उद्योगात ते आधी संगणकावर वाहताना पाहतात, साचा तिथेच दुरुस्त करतात आणि तोच आकार मिलिंग मशीनकडे जातो. कॅड, सीएई, कॅम यांची सांगड कुठे सगळ्यात लवकर फळली असे कोणी विचारले तर मी विमानाच्या आधी साचे बनवणाऱ्यांकडे बोट दाखवीन. वाया गेलेला साचा म्हणजे रोख नुकसान, त्यामुळे त्यांना थांबून चालत नव्हते.

आता पुन्हा शाफ्टकडे. आकार ठरला, गोलाई २, तपासणी झाली. कॅमवाला मॉडेल उघडतो आणि ८० मिलिमीटरचा प्रोग्राम काढतो. बेअरिंग घट्ट बसायचे तर शाफ्ट ८०.००२ आणि ८०.०२१ यांच्या मधला हवा. ड्रॉइंगवर ‘के-६’ एवढीच खूण आहे, मॉडेलमध्ये मात्र नुसते ८०. चांगला प्रोग्रामर ड्रॉइंग पाहून मधले माप धरतो. घाईतला ८०.०००वर चालवतो. आकार आणि मापातली सवलत (टॉलरन्स) या दोन गोष्टी दोन कागदांवर ठेवल्या की असे होते, म्हणून हल्ली सवलतीही मॉडेलच्या अंगावरच लिहाव्यात असा आग्रह वाढतो आहे.

दुसरी खोच आणखी बारीक. लेथच्या प्रोग्राममध्ये हत्याराच्या टोकाच्या गोलाईची भरपाई सांगावी लागते. सेटरने ती सांगितली नाही तर सरळ व्यास बरोबर येतो, पायरीचे तोंड बरोबर येते, फक्त कोपऱ्यातली गोलाई बिघडते. ०.८च्या टोकाने २ची गोलाई २.८ होते. मायक्रोमीटर लावा, व्यास पास. तपासणीच्या कागदावर सगळ्या बरोबरच्या खुणा. बेअरिंग दाबून बसवताना मात्र ते पायरीपासून केसभर वर राहते, आणि फिटर म्हणतो, बेअरिंगच खराब आहे. कोपरा मोजायला रेडियस गेज लागतो, आणि तो खिशात असलेला माणूस शॉपमध्ये क्वचितच दिसतो.

आणि मग सेटर मशीनपाशीच प्रोग्राममधला एक आकडा बदलतो. जॉब बरोबर येऊ लागतो. पण बदल मशीनच्या स्मृतीत राहिला, ऑफिसातले मॉडेल जुनेच. सहा महिन्यांनी जॉब दुसऱ्या मशीनवर लागला की तीच अडचण पुन्हा पहिल्यापासून. डिझाइनकडून मशीनकडे जाणारी वाट बहुतेकांनी बांधली आहे. मशीनकडून डिझाइनकडे येणारी वाट बहुतेक ठिकाणी पायवाटसुद्धा नाही. माझ्या मते खरी उणीव इथे आहे, आणि ती सॉफ्टवेअरने एकट्याने भरून येणारी नाही. सेटरने सांगितलेले ऐकून मॉडेलमध्ये उतरवणे हे कोणाचे तरी ठरलेले काम असावे लागते.

हे सारे मोठ्या कारखान्यांपुरतेच, असे यवतच्या वर्कशॉपवाल्याने समजायचे कारण नाही. फ्रीकॅड हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर २००२पासून वाढत आहे. त्यात आकार काढता येतो, कॅल्क्युलिक्स या तितक्याच फुकट गणकाच्या जोरावर ताण तपासता येतो, आणि मिलिंगसाठी हत्याराची वाटही काढता येते. लेथचा कॅम त्यात अजून तोकडा आहे, पण शाफ्टसारख्या जॉबचा प्रोग्राम चांगला सेटर हातानेच लिहितो. फ्रीकॅडची एक जुनी खोड मात्र सांगण्यासारखी आहे. सुरुवातीचे एखादे माप बदलले की आतल्या कडांचे क्रमांक बदलत आणि एका कोपऱ्याची गोलाई उडी मारून भलत्याच कडेवर जाऊन बसे. ‘ही तीच कड’ हे संगणकाला कसे कळावे, हा प्रश्न एकत्रीकरणाच्या मुळाशी आहे, कारण भार, सवलत, हत्याराची वाट सगळे शेवटी कडांना आणि पृष्ठभागांनाच चिकटवलेले असते. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० आवृत्तीने ही खोड बरीच आटोक्यात आणली.

पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेल्या, घरचे गुऱ्हाळ असलेल्या एखाद्या मुलाने या कामाला हात घालायचा ठरवले, तर सुरुवातीची माहिती त्याला नेटवर शोधायला नको, गुऱ्हाळामागे भंगारात पडलेल्या तुकड्यातच ती आहे. तुटलेले तोंड धुऊन उजेडात धरावे. कडेपासून आत सरकत गेलेल्या, किनाऱ्यावर लाटेने ठेवाव्यात तशा गुळगुळीत कमानी दिसल्या तर शाफ्ट एका झटक्यात तुटलेला नाही, भेग दिवसेंदिवस पुढे सरकली आहे. शेवटी तुटलेला खरबरीत भाग लहान असेल तर एकूण भार फार नव्हता, दोष कोपऱ्याचा. तो भाग मोठा असेल तर शाफ्टच भाराच्या मानाने बारीक होता, गोलाई वाढवून भागणार नाही. परिघावर एकाहून अधिक जागी भेगा सुरू झाल्याच्या पायऱ्या दिसल्या तर कोपरा चहूबाजूंनी तीक्ष्ण होता. उरलेल्या कोपऱ्याला रेडियस गेज लावावा, किती उतरला होता ते लिहावे, मोटरची ताकद, चरकाचे फेरे आणि शाफ्ट किती हंगाम चालला तेही लिहावे, आणि हे सगळे मॉडेलच्याच फाइलमध्ये, त्या गोलाईच्या शेजारी टिपून ठेवावे.